जपानमधले पहिले पंधरा दिवस: भाषा आडवी येते की कागदपत्रं?

सायली_के · १२ ऑगस्ट, रात्री ९:१०
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.
ऑक्टोबरपासून फुकुओकाला मास्टर्सला चालले आहे. विषय मटेरियल सायन्स, सगळे तास इंग्रजीतून. सीओई (व्हिसासाठी लागणारं पात्रतेचं प्रमाणपत्र) हातात आलंय, व्हिसाचे कागद मुंबईला दिलेत. पहिल्या वर्षापुरती डॉर्ममध्ये खोली मिळाली आहे. जपानी म्हणाल तर पुण्यात क्लास लावून एन५ ही सगळ्यात खालची परीक्षा झाली आहे, पुढची एन४ अर्धवट.
दोन सीनियर आहेत आणि दोघांचे सल्ले उलटे. एक म्हणतो भाषा सोड, कागदपत्रांची फाइल नीट लाव, पहिले दिवस त्यातच जातात. दुसरी म्हणते बाकी सगळं होतं गं, तू कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, घोट. घरात तिसरा पक्ष आहे, आई. तिचं म्हणणं कुकर आणि मिक्सर गेलाच पाहिजे. मी शाकाहारी आहे, केकमधलं अंडं चालतं.
हातात दीड महिना आहे. तो कशावर घालवू? पहिल्या दिवसांत नक्की कुठे अडतं?

मीरा_त्सुकुबा · १२ ऑगस्ट, रात्री ११:५५
अभिनंदन सायली! मी इथे पीएचडी करतेय. माझं मत पहिल्या सीनियरच्या बाजूने.
विमानतळावर पासपोर्ट तपासतानाच झायर्यू कार्ड देतात, म्हणजे रेसिडेन्स कार्ड. नारिता, हानेदा, कानसाई, फुकुओका अशा मोठ्या विमानतळांवर तिथल्या तिथे मिळतं. त्याची मागची बाजू कोरी असते. राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात जायचं. तिथे त्या कोऱ्या बाजूवर तुझा पत्ता छापून देतात. तोवर बँक म्हणते फोन नंबर द्या, फोनवाला म्हणतो खातं नाहीतर क्रेडिट कार्ड द्या, आणि दोघंही कार्ड उलटं करून मागे बघतात. त्यामुळे फिरणं-बिरणं नंतर, आधी कुयाकुशो.
त्याच खेपेत आरोग्य विमा करून घे. डॉक्टरचं बिल ३० टक्के आपण भरतो. उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याला हप्ता महिना दोनेक हजार येनच्या आसपास बसतो. विम्याचं वेगळं कार्ड नव्याने देणं २ डिसेंबर २०२४ पासून बंद झालंय, मायनंबर कार्डाला (आपल्या आधारसारखं ओळख क्रमांकाचं कार्ड) जोडतात, तोवर एक प्रमाणपत्र मिळतं. आणि पेन्शन! वीस वर्षांच्या पुढच्या सगळ्यांना लागू, आपण परदेशी विद्यार्थी असलो तरी. महिना १७ हजारांच्या घरात. विद्यापीठात शिकणाऱ्यांना हप्ता पुढे ढकलायचा अर्ज करता येतो, त्याच खिडकीवर विचार. कोणी आपणहून सांगेलच असं नाही.

टवाळखोर · १३ ऑगस्ट, सकाळी ७:३२
आधारशिवाय सिम नाही, सिमशिवाय आधारचा ओटीपी नाही. जपानला काय, अगदी घरच्यासारखं वाटेल हो तुम्हाला.

कोथरूडचा_काका · १३ ऑगस्ट, सकाळी ९:०५
मीराताईंचं सगळं बरोबर, पण सायली, बाळा, भाषा सोडू नकोस. मी नव्वदच्या दशकात कानाझावाला होतो. जपान समुद्राच्या बाजूचं शहर, हिवाळ्यात बर्फ असा की दार ढकलून उघडावं लागे. खोलीत हीटिंग नाही, रॉकेलचा स्टोव्ह. रॉकेलची गाडी गाणं वाजवत गल्लीतून जायची, ती थांबवून 'अठरा लिटर द्या' इतकं तरी बोलता यायलाच हवं, नाहीतर रात्र कुडकुडत. आमच्यातले जे इंग्रजीवर विसंबून आले ते वर्षभर लॅब ते खोली, खोली ते लॅब. पदवी घेऊन गेले, जपान काही बघितलंच नाही.

रोहन_टोकियो · १३ ऑगस्ट, सकाळी ११:४०
काका, मान ठेवून सांगतो, ते दिवस गेले. आता मोबाईल पुढे धरला की पाटी वाचून दाखवतो, बोललेलं भाषांतर करतो. मी एन५ सुद्धा न करता आलो, नोकरीसुद्धा इंग्रजीत आहे. दीड महिन्यात एन४ होत नाही, उगाच पोरीला ताण देऊ नका.

कोथरूडचा_काका · १३ ऑगस्ट, दुपारी १२:१५
मोबाईल पाटी वाचतो. शेजारी तुमच्याबद्दल काय बोलतोय ते वाचतो का?

रोहन_टोकियो · १३ ऑगस्ट, दुपारी १२:२०
जपानी शेजारी बोलतच नाही. मॅनेजिंग कंपनीला कळवतो, ते पेटीत चिठ्ठी टाकतात.

आशिष_हाकाता · १३ ऑगस्ट, दुपारी ४:३०
चला, फुकुओकावाला आला. सायली, तू बहुतेक क्यूशू विद्यापीठाच्या इतो कँपसला असशील? असशील तर ऐक: शहरातून सबवेची विमानतळवाली लाइन पुढे चिकुही लाइनला जोडलेली आहे, क्यूदाई-गाक्केनतोशीला उतरायचं आणि तिथून बस. विमानतळ शहराच्या इतका पोटात आहे की हाकाता हे मुख्य स्टेशन सबवेने दुसराच थांबा. टोकियोवाल्यांना नारिताहून तासभर लागतो, त्यांना हे मुद्दाम सांगायचं.
प्रवासाच्या कार्डाला इथे हायाकाकेन म्हणतात, टोकियोकडचं सुइकाही चालतं.
आणि कचरा. जपानबद्दलच्या प्रत्येक व्हिडिओत सांगतात की कचरा सकाळी आठच्या आत ठेवा. फुकुओका शहरात कचरा रात्री उचलतात! सूर्य मावळल्यावर ठेवायचा, मध्यरात्रीच्या आत. पिशव्या शहराच्या ठरलेल्या, विकत घ्यायच्या, जळणारा, न जळणारा आणि बाटल्यांसाठी वेगवेगळ्या. प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण आणि वरचं लेबल काढून, धुऊन, मगच पिशवीत. मोठी वस्तू असेल तर आधी फोन नाहीतर ऑनलाइन नोंद, मग पैसे भरून स्टिकर. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, एसी तर त्यातही घेत नाहीत, त्यांच्या रिसायकलचे वेगळे पैसे. म्हणून कोणी सीनियर जाताना 'फुकट घे' म्हणून फ्रिज देत असेल तर तो तुझ्यावर मेहरबानी करतोय की स्वतःवर, हे बघून घे.

मीरा_त्सुकुबा · १३ ऑगस्ट, सायं. ५:०२
रात्री? खरंच? आमच्याकडे रात्री ठेवला तर कावळे सकाळपर्यंत पिशवीची चाळण करतात.

आशिष_हाकाता · १३ ऑगस्ट, सायं. ५:१०
कावळे झोपलेले असतात. तोच तर मुद्दा.

वोल्ट_अँपिअर · १३ ऑगस्ट, रात्री ८:४८
आईंच्या पक्षाला उत्तर द्यायला आलोय. जपानात घरगुती वीज १०० व्होल्ट. आपला मिक्सर २३० व्होल्टचा. तिथे लावला तर गरगरेल, वाटणार काहीच नाही. उलटं करायचं तर ७५० वॉटला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर लागतो, तो मिक्सरपेक्षा जड आणि महाग. मिक्सर तिकडचाच घ्यावा. कुकर न्या, पण डॉर्ममधली शेगडी इंडक्शन असू शकते, तिच्यावर अल्युमिनियमचा कुकर तापत नाही. स्टीलचा, 'इंडक्शन बेस' लिहिलेला, तीन लिटर, आणि दोन जादा गास्केटं. लॅपटॉप आणि मोबाईलचे चार्जर बिनधास्त चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचे अडॅप्टर न्या.
गंमत म्हणजे जपानात फ्रिक्वेन्सीही दोन आहेत. पूर्वेला ५० हर्ट्झ, पश्चिमेला ६०. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन कंपनी एईजीचे जनित्र आणले, ओसाकाने अमेरिकन जीईचे, आणि ते भांडण आजतागायत मिटलेलं नाही. मार्च २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेला विजेचा तुटवडा होता तेव्हा पश्चिमेकडे वीज असून पुरेशी देता आली नाही, कारण मध्ये फ्रिक्वेन्सी बदलणारी केंद्रं मोजकीच. फुकुओका ६० मध्ये येतं.

टवाळखोर · १३ ऑगस्ट, रात्री ९:००
एका देशात दोन फ्रिक्वेन्सी... पुण्यात तर एका पेठेत दोन असतात.

शर्वरी_ओसाका · १४ ऑगस्ट, सकाळी १०:१८
कोणी नावाचं सांगितलं नाही म्हणून लिहिते. आपल्या मराठी माणसांच्या पासपोर्टात 'गिव्हन नेम'मध्ये वडिलांचं नाव घुसलेलं असतं. झायर्यू कार्डावर ते जसंच्या तसं येतं: आडनाव, नाव, वडिलांचं नाव. मग विम्याच्या कागदावर, बँकेत, विद्यापीठाच्या ओळखपत्रावर कोणी तीनही लिहितं, कोणी दोन. माझ्या ओळखीच्या एका मुलीला दवाखान्यात वडिलांच्या नावाने हाक मारत होते आणि ती शांतपणे मासिक चाळत बसली होती.
त्याहून मोठी भानगड काताकानाची, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीची. कुलकर्णी एकाने 'कुरुकारुनी' लिहिलं, दुसऱ्याने 'कुरुकानी', तर बँकेच्या दृष्टीने ती दोन माणसं. शिष्यवृत्ती किंवा पगार परत जातो. विमानात बसायच्या आधी नावाचं काताकाना ठरव, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव आणि पहिल्या फॉर्मपासून शेवटच्यापर्यंत तेच. हांको, म्हणजे शिक्का, सगळीकडे लागेल असं सांगतात. आता बऱ्याच ठिकाणी सही चालते, आधी विचारून मगच करायला टाक.
आणि डॉर्म संपल्यावर फ्लॅट घेशील तेव्हाचं आत्ताच सांगते: रेइकिन नावाचे पैसे घरमालकाला 'धन्यवाद' म्हणून द्यायचे असतात, परत मिळत नाहीत. शिवाय जामीन कंपनीची फी. आणि गॅस सुरू करायला गॅसवाला स्वतः येतो, तुम्ही घरी हवं, वेळ आधी घ्यावी लागते. ती घेतली नाही तर पहिल्या रात्री गार पाण्याने अंघोळ.

गोंयकार_कोबे · १४ ऑगस्ट, दुपारी १:३०
नुस्त्याचो, म्हणजे माशांचा, देश! सायली, तू शाकाहारी हे वाचून माझ्या काळजात कळ आली.
असो. कोबेला आलीस तर कितानोत जैन मंदिर आहे, १९८५ चं, संगमरवरी. इथले गुजराती व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या मोत्यांच्या धंद्यात. म्हणजे शाकाहारी माणूस जपानात जगतो याचा पुरावा चांगला भक्कम आहे.

मीरा_त्सुकुबा · १४ ऑगस्ट, दुपारी २:४५
शाकाहाराचं मी सविस्तर लिहिते, कारण पहिल्या आठवड्यात भूक भाषेपेक्षा जास्त छळते.
'मांस नको' म्हटलं की मांस काढतात, पण हॅमचे तुकडे हे मांस आहे असं बऱ्याच हॉटेलांत कोणाला वाटत नाही. आणि मासा तर वेगळाच. मुख्य म्हणजे दाशी. सूप, सॉस, उकडलेली भाजी, सगळ्याच्या पोटात ते पाणी असतं, बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाचं. तुझ्या तिकडच्या हाकाता रामेनचं (शेवयांचं सूप) तर नावच काढू नकोस, डुकराची हाडं तासन्‌तास उकळून केलेलं ते.
दुकानात पाकीट उलटं करायचं. घटकांच्या यादीच्या शेवटी कंसात अ‍ॅलर्जीची ओळ असते. गोमांस, डुक्कर, कोंबडी, जिलेटिन, अंडं, दूध यांची जपानी नावं तिथे बहुतेक कंपन्या छापतात (मांसाची आणि जिलेटिनची सक्ती नाही, पण छापतात). ही सहा नावं आज रात्रीच पाठ कर, एन४ गेलं खड्ड्यात. पण लक्षात ठेव, बोनितो त्या यादीत येत नाही. दाशी शोधायला सगळी यादी वाचावी लागते. ब्रेडमध्ये लार्ड (डुकराची चरबी), करी रूच्या, म्हणजे तयार रश्श्याच्या, वड्यांत गाईची नाहीतर डुकराची चरबी, दह्यात कधी जिलेटिन.
जगायचं कशावर? तोफू, एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा), केळी, साधं दही (४०० ग्रॅमचा डबा, कढी उत्तम होते), बटाटे, कोबी. तांदूळ चिकट, इंद्रायणी आवडत असेल तर नाकं मुरडणार नाहीस. पण २०२५ मध्ये पाच किलोला चार हजार येनच्या वर भाव गेला होता, तेव्हा भात मोजून लाव.

आशिष_हाकाता · १४ ऑगस्ट, दुपारी ३:२०
+१. तूरडाळ, हिंग, कणीक हाकोझाकीच्या मशिदीच्या आसपासच्या दुकानांत मिळतं, ऑनलाइनही येतं. ग्योमू सुपरमध्ये छोले आणि मसाले स्वस्त.
डाळ-तांदूळ बॅगेत कोंबू नका. फळं, बिया, कच्ची धान्यं यांना फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) लागतं, नसेल तर विमानतळावर काढून घेतात. बंद पाकिटातला गोडा मसाला, चटण्या, लाडू न्या.
औषधांचं जास्त महत्त्वाचं. सर्दीच्या काही गोळ्यांत स्युडोएफेड्रिन असतं, ते १० टक्क्यांहून जास्त असेल तर जपानात बंदी. डॉक्टरने दिलेली नेहमीची औषधं एक महिन्यापेक्षा जास्त न्यायची तर आधी ऑनलाइन परवानगी काढायची. घरातला औषधांचा डबा उचलून बॅगेत उपडा करू नका.

अवधूत_नागपूर · १४ ऑगस्ट, रात्री ८:१५
माह्या पुतण्याले एक एजंट म्हणतो का लँग्वेज स्कूलला चल, तिकडं काम करून फी निघते, वर घरी पैसे पाठवता येतात. खरं हाय का? वीस वर्षांचा पोरगा हाय, घरची शेती.

शर्वरी_ओसाका · १४ ऑगस्ट, रात्री ९:४०
अवधूतदादा, हिशेबच मांडूया. विद्यार्थ्याला कामाची वेगळी परवानगी लागते (विमानतळावरच अर्ज देता येतो) आणि मर्यादा आठवड्याला २८ तास, शाळेच्या मोठ्या सुट्टीत दिवसाला आठ. ताशी हजार-अकराशे येन धरले तर महिन्याला एक-सव्वा लाख येन. त्यात खोली, जेवण, विमा, फोन, प्रवास. फी निघायची तर २८ तासांच्या बाहेर जावं लागतं, आणि तिथेच पोरं अडकतात, कारण व्हिसा वाढवताना कराच्या कागदावरून ते कळतं. शिवाय भाषा येत नसेल तर काम मिळतं डब्यांच्या कारखान्यात रात्रपाळीचं नाहीतर गोदामात. रात्रभर काम आणि सकाळी वर्ग. हजेरी घसरली की तोही व्हिसाला धोका. एजंट यातलं कितपत सांगतो ते विचारा. पहिल्या वर्षाची फी आणि सहा महिन्यांचा खर्च कर्जाशिवाय घरात असेल तरच पाठवा.

अवधूत_नागपूर · १४ ऑगस्ट, रात्री १०:०२
ताई, लई उपकार. एजंटनं २८ तासाचं नावच नाही काढलं.

रोहन_टोकियो · १५ ऑगस्ट, सकाळी ९:३०
सायली, फुकुओकात कंटाळलीस तर टोकियोला निशिकासाईला ये. पोळीभाजी, पाणीपुरी, शेजारी मराठी. २००० सालच्या संगणकांच्या घोळाच्या वेळी आयटीवाले आले ते तिथेच वसले. २०१९ मध्ये तर तिथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले.

कोथरूडचा_काका · १५ ऑगस्ट, सकाळी १०:१०
आणि ते काय मोबाईल पुढे धरून मतं मागत होते?

टवाळखोर · १५ ऑगस्ट, सकाळी १०:१२
हसून हसून पुरे वाट. काका एक, रोहन शून्य.

हिरवा_डोंगर · १५ ऑगस्ट, दुपारी १२:००
आम्हाला जपान बघायचं तर सिंहगड रोडची पु. ल. देशपांडे बाग. ओकायामाच्या कोराकुएनवरून केलेली आहे, तिकीट काढलं की झालं, कुयाकुशो नाही की कचरा नाही.

सायलीची_आई · १५ ऑगस्ट, दुपारी ३:४०
नमस्कार. मी सायलीची आई. मुलीने लिंक पाठवली म्हणून खातं उघडलं. मिक्सरचं पटलं, कुकर स्टीलचा आणला. पण भूकंपाबद्दल कोणीच काही लिहिलं नाही. ती म्हणते फुकुओकाला होत नाही. खरं आहे का?

मीरा_त्सुकुबा · १५ ऑगस्ट, दुपारी ४:२५
काकू, होत नाही असं नाही, आमच्या बाजूपेक्षा कमी होतात. मार्च २००५ मध्ये फुकुओकाजवळ समुद्रात ७ रिश्टरचा झाला होता. पण घाबरू नका. मोठा धक्का असेल तर काही सेकंद आधी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळतात. बातम्यांत 'शिंदो' सांगतात, म्हणजे त्या जागी किती हललं ते, शून्य ते सात. तीनपर्यंत जपानी माणूस चहासुद्धा खाली ठेवत नाही. तिला एवढंच सांगा: कपाट पलंगाच्या डोक्याशी नको, आणि बूट-टॉर्च हाताशी. तिचा फोन इकडच्या रात्री दहाला आला तर तुमच्याकडे साडेसहा वाजलेले असतील, जेवणाच्या वेळेवरून ओरडू नका.

सायलीची_आई · १५ ऑगस्ट, दुपारी ४:५०
धन्यवाद मीरा. तुझ्या घरी कुकर कितीचा आहे?

सायली_के · १९ ऑक्टोबर, रात्री ११:२०
धागा वर काढतेय. पोचले, स्थिरावले, सगळ्यांचे मनापासून आभार.
कागदांबद्दल: विद्यापीठाने प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला एक जपानी ट्यूटर दिलाय. माझी ट्यूटर चौथ्या वर्षाची, फारच लाजरी, पण कुयाकुशोत तिने फॉर्मांची चळत पुढ्यात घेतली आणि माझ्याकडून फक्त सह्या. शर्वरीताईंचा काताकानाचा कागद तिथे सोन्याच्या मोलाचा ठरला, तिने तो बघूनच सगळीकडे उतरवलं. पत्ता, विमा, पेन्शनचा अर्ज एका दुपारी झाले. बँक आणि सिमला मात्र वेळ गेला.
म्हणजे कागद अडवतात, पण त्यांना सोबत मिळते. नंतर ट्यूटर तिच्या कामाला जाते. लॅबमध्ये सेमिनार इंग्रजीत, स्लाइड इंग्रजीत, सर इंग्रजीत. बारा वाजता सगळे कँटीनला निघाले की जपानी सुरू होतं. हसतात, कोणीतरी माझ्याकडे वळून दोन वाक्यांत सारांश सांगतं आणि तोवर विषय बदललेला असतो. मोबाईल टेबलावर उभा करून तर बसता येत नाही. रोहनदादा, हे तुमच्या ऑफिसात होत नाही का?
सध्या मी जेवताना रोज एक प्रश्न तयार करून नेते. कालचा होता, 'तुमच्या गावाला दिवाळीसारखं काय असतं?' एक मुलगा कागोशिमाचा निघाला आणि साकुराजिमाच्या राखेवर दहा मिनिटं बोलला. ज्वालामुखी धुमसला की राख शहरावर पडते, ती भरून ठेवायला पालिका पिवळ्या पिशव्या देते म्हणे. राखेचा कचरासुद्धा वेगळा! एवढं सगळं मला जपानीत कळलं, आणि जे कळलं नाही ते त्याने नॅपकिनवर काढून दाखवलं.

कोथरूडचा_काका · २० ऑक्टोबर, सकाळी ८:००
शाबास. बोलणार नव्हतो, पण बोलतोच: सांगितलं होतं.

रोहन_टोकियो · २० ऑक्टोबर, सकाळी ९:१५
होतं, सायली. मी जेवायला इंडियन ग्रुपमध्ये बसतो. म्हणून कळलं नाही इतकी वर्षं. काका, तुम्ही काही बोलू नका.

आशिष_हाकाता · २० ऑक्टोबर, दुपारी १:०५
सायकल घेतलीस का? घेतलीस तर दुकानातच पोलिसी नोंदणी करून घे, बिल जपून ठेव आणि विमा काढ. चौकात पोलीस थांबवून नंबर जुळवतात. हातात मोबाईल धरून चालवू नकोस, एप्रिल २०२६ पासून सायकलवाल्यांनाही जागेवर पावती फाडतात, मोबाईलला १२ हजार येन.

सायली_के · २० ऑक्टोबर, रात्री १०:३०
घेतली, जुनी, गिअर नसलेली. इतोला चढ आहेत हे कोणी का सांगितलं नाही?

टवाळखोर · २० ऑक्टोबर, रात्री १०:३४
कागद आणि भाषेच्या नादात भूगोल राहिला.

अवधूत_नागपूर · २१ ऑक्टोबर, सकाळी ७:५०
पुतण्यानं एजंटले नाही म्हटलं. आता पुण्यात जपानी क्लास लावाचा म्हणतो, एन५ पासून. वर्षातून कितीदा परीक्षा असते?

शर्वरी_ओसाका · २१ ऑक्टोबर, सकाळी ९:२५
दोनदा, जुलै आणि डिसेंबरचा पहिला रविवार. फॉर्म बरेच महिने आधी भरतात आणि पुण्यातल्या जागा लवकर भरतात, तेव्हा क्लासलाच तारीख विचारून ठेवायला सांगा. या डिसेंबरचं गेलं, जुलै धरा.